पुण्यात सांगायचे किस्से

पणजीहून पुण्याला निघताना पिशवीत काजू असतात, खाजं असतं आणि डोक्यात किस्से. खाजं पहिल्या संध्याकाळीच संपतं. काजू बहिणीकडे जातात. किस्से मात्र संपत नाहीत, उलट दर खेपेला थोडे फुगतात. जेवणं आटोपली, बडीशेप फिरली आणि कुणी विचारलं, "काय, तुमचे गोवेकर काय म्हणतात?" की मी खुर्चीत पुढे सरकून बसतो. बँकेने बदलीवर पणजीला पाठवलं, निवृत्त झालो तरी आम्ही सांतिनेजच्या भाड्याच्या घरातून हललो नाही. एवढ्या वर्षांत पुण्याच्या मित्रमंडळात मी कशासाठी ओळखला जातो, तर ह्या किश्श्यांसाठी. म्हणजे तिथे माझं जे काही वजन आहे, ते गोव्यातल्या माणसांच्या जिवावर. हे वाक्य लिहिताना जरा अडखळलो. पण खरं आहे, राहू दे.

किस्सा सांगताना मी एक आवाज काढतो. जीभ जरा सैल, वाक्याच्या शेवटी एक 'मरे', हात हवेत. लोक हसायला तिथेच सुरुवात करतात. हा आवाज आणला कुठून, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. माझे बहुतेक किस्से पेडण्याच्या आणि डिचोलीच्या माणसांचे. पेडण्याची बोली तर तेरेखोल ओलांडली की सावंतवाडीच्या बोलीत मिसळून जाते. तिथे असं कुणी बोलत नाही. डिचोलीतही नाही. मग? तो आवाज जुन्या हिंदी सिनेमातल्या गोवेकर दारुड्याचा आहे. तो मी पेडण्याच्या एका निर्व्यसनी, माळकरी दुकानदाराच्या तोंडी बसवला होता, आणि ते कुणाला खटकलं नाही. मलाही नाही.

माझा सगळ्यात चाललेला किस्सा मासळी बाजारातला. गोव्यात १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत बाजारात बर्फातलाच माल जास्त. मी बांगड्यांवर बोट ठेवलं, तर मावशी म्हणाली, "हें व्हरूं नाकात, बाब. कालचें तें." मी म्हटलं, असू दे, चालेल. तिने टोपलीवर प्लास्टिकच ओढलं. पैसे घेऊन गिऱ्हाईक समोर उभं आणि विकणारी म्हणते नेऊ नका! "असा धंदा करतात," मी पुण्यात म्हणतो, आणि मंडळी मांडीवर थाप मारतात.

आता त्यातला मी न सांगितलेला भाग. प्लास्टिक ओढल्यावर तिने शेजारणीकडे बोट केलं. शेजारणीकडे मांडवीतले ताजे शेवटे होते. मी ते घेतले, आणि माझे पैसे शेजारणीच्या गल्ल्यात गेले. हे मी का गाळतो? गाळायचं असं कधी ठरवलं नव्हतं. पण हे सांगितलं की हसू येत नाही. ऐकणारा "अरे वा" म्हणतो. आणि मला "अरे वा" नको असतं, मला थाप हवी असते.

दुसरा किस्सा दुपारचा. एक वाजून पाच मिनिटांनी मी बल्ब मागतो, दुकानदार अर्धं शटर खाली ओढून आतून म्हणतो, चारला या. बल्ब समोर फळीवर दिसतोय! यावर पुण्यात केवढं हसतात. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांची दुकानं १ ते ४ बंद असतात, किंवा ती बंद असतात याचा त्यांना अभिमान असतो. तीच वेळ, तेच शटर. तिथे तो बाणा, इथे आळस? दुकानदार पेडण्याहून पहाटेच्या बसने पणजीत येतो आणि रात्री आठला दुकान बंद करून परत जातो, हे मला माहीत होतं. तेही किश्श्यात नव्हतं.

नार्व्याचा प्रसंग सांगायचा तर मला माझीच लाज वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. दिवाडीहून फेरीने पलीकडे गेलं की डिचोली तालुक्यातलं नार्वे. तिथे सप्तकोटेश्वर आहे. मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतं, पोर्तुगिजांनी ते पाडलं, लिंग नदीपार इथे आलं, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी ह्या देवळाचा जीर्णोद्धार केला. एवढं मी वाचून गेलो होतो. पुण्याच्या माणसाला महाराजांबद्दल दुसऱ्याला काही सांगायची संधी मिळाली की तो सोडत नाही. देवळाबाहेर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मी त्यांना माझ्या नव्या कोंकणीत विचारलं, ह्या देवळाचा इतिहास तुला खबर आहे का? होय, तुला. कोंकणीत आदरार्थी कसं बोलायचं ते मला येत होतं, पण त्या घाईत ते आठवायचे कष्ट मी घेतले नाहीत. त्यांनी मान हलवली, ती हो होती की नाही ते न पाहता मी सुरू झालो. अफझलखान वगळता सगळं सांगितलं.

म्हातारबांनी सगळं ऐकलं आणि मग खणखणीत मराठीत म्हणाले, "आपण दमला असाल. बसावं." हे 'बसावं' असं की पडदा वर गेल्यासारखं वाटलं. गोव्यात गावोगावी देवळाच्या उत्सवात मराठी नाटकं होतात, आणि शेतात राबणारी माणसं त्यांत राजे होतात. ह्या गृहस्थांनीही आयुष्यभर नाटकांत कामं केली होती. पुण्यात मी एवढाच किस्सा सांगतो: लुंगीतला म्हातारा आणि त्याचं ते नाटकी 'बसावं'. हमखास हशा. त्यानंतर त्यांनी मला दारावरच्या शिलालेखाकडे नेलं आणि विचारलं, "हे वाचता येतं का आपल्याला?" मी प्रयत्न केला. जमलं नाही. त्यांनी न वाचता, पाठ होता तसा म्हणून दाखवला. हे सांगितलं, तर हसू कुणावर होईल?

माझ्यातली आणखी एक सोय सांगायला हवी. मडगावच्या किंवा म्हापशाच्या ख्रिस्ती शेजाऱ्याचा किस्सा सांगताना मी जरा सांभाळतो. कुणी काही म्हणेल, अशी भीती असते. पेडणे-डिचोलीच्या माणसाचा सांगताना ती भीती नाही, कारण "ती तर आपलीच." १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात गोव्याने दोन पानांना मत देऊन महाराष्ट्रात जायचं नाकारलं, पण पेडणे आणि डिचोली फुलाच्या, म्हणजे विलीनीकरणाच्या, बाजूने होते, हे मी मोठ्या मायेने सांगतो. १,३८,१७० लोकांना आपल्यात यायचं होतं, हो! आणि ज्यांना यायचं होतं त्यांचीच टर उडवायचा हक्क मी त्या मतांतून काढतो. आपलं म्हटलं की आदर थोडा कमी केला तरी चालतो, असं मला कुणी शिकवलं? घरातच शिकलो असणार. त्याबद्दल पुढे येतोच.

शेवटचा, आणि माझ्या मते सर्वांत उत्तम, किस्सा जमिनीचा. निवृत्तीनंतर पेडण्याच्या बाजूला छोटा प्लॉट घ्यावा, असं माझ्या मनात होतं. मोपाच्या विमानतळाचं काम चालू होतं (जानेवारी २०२३ला विमानं उतरू लागली), आणि आता नाही घेतलं तर कधीच नाही, असं जो तो म्हणत होता. काजूच्या झाडांचा एक उतार मला आवडला. मालक भला माणूस. चौरस मीटरचा भाव ठरत आला, मी चेकबुक काढलं, तर तो म्हणाला, "घरकान्नीक विचारूंक जाय." मी ओसरीवर बसलो. तो आत गेला. बाहेर आला. म्हणाला, "ना म्हणटा." संपलं! लाखोंचा व्यवहार स्वयंपाकघरातून आलेल्या एका अक्षराने मोडला. "मोप्याला जेट उतरतंय," मी पुण्यात म्हणतो, "पण पेडण्यात निर्णय अजून चुलीपाशीच होतो." इथे मी थांबतो, कारण पुढे काही ऐकूच येत नाही.

एकदा ऐकू आलं. मित्राच्या घरी त्याची नवी सून होती, तिचं माहेर डिचोली तालुक्यातलं, शिरगावकडचं. बांगड्यांच्या किश्श्याला ती मनापासून हसली. जमिनीच्या किश्श्याला सगळे हसून झाल्यावर तिने साधेपणाने विचारलं, "पण काका, ती नको का म्हणाली?"

मी म्हटलं, "आता बायकांचं काय..." आणि पुढच्या किश्श्याकडे वळलो. पण वळताना माझ्या लक्षात आलं होतं की मला माहीतच नाही. तो माणूस ओसरीवर मला काहीतरी समजावून सांगत होता. मी तेव्हा मनातल्या मनात हा किस्सा पुण्यात कसा सांगायचा हे जुळवत होतो. ताटं उचलता उचलता ती म्हणाली, "आमच्याकडे खाणी वाढल्या तेव्हा नको म्हणायला आम्हाला कुणी विचारलं नव्हतं." शिरगाव म्हटलं की मला धोंडांचं, म्हणजे देवीच्या भक्तांचं, अग्निदिव्य आणि लईराईची जत्रा आठवायची. तिला आटलेल्या विहिरी आणि खनिजाच्या गाळाने भरलेली शेतं आठवत होती. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा मी बँकेत ट्रकांच्या थकलेल्या कर्जांचे तक्ते करत होतो. विहिरींचा रकाना त्यांत नव्हता.

पुण्याहून आल्यावर मी पेडण्याला गेलो. कशाला, ते मलाही धड सांगता आलं नसतं. त्या माणसाला माझ्या येण्याचं आश्चर्य वाटलं नाही, प्लॉटसाठी लोक पुन्हा पुन्हा येतातच. त्याने जे सांगितलं ते मागच्या वेळीही सांगितलं असणार. तो मुळात भाटकार, म्हणजे जमीनदार, नव्हता, कुळाचा मुलगा होता. जमीनदार म्हणून मी त्याला बढती दिली होती. त्याच्या बापाचं नाव जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यात कुळाच्या रकान्यात होतं. १९६४चा कूळ कायदा, १९७६ची दुरुस्ती, मग मामलेदार कचेरीत वर्षानुवर्षं घातलेल्या खेपा, आणि अखेर जमीन नावावर. भाऊ मुंबईला. विकायची तर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात, आणि प्रत्येकाच्या बायकोची.

बायकोची कशाला, हे तर मला बँकवाल्याला ठाऊक असायला हवं होतं. १८६७चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून इथे लागू झाला. गोवा भारतात आला तरी कुटुंबाबाबतचा भाग राहिला, आता त्यातल्या वारसाहक्काला नवा कायदा आला आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक, निम्मी तिची, आणि तिच्या संमतीशिवाय नवऱ्याला जमीन विकता येत नाही. समान नागरी कायद्याचा विषय निघाला की मी स्वतः पुण्यात ह्याच कायद्याचं कौतुक करतो. त्याच बैठकीत, अर्ध्या तासाने, बायकोला विचारणाऱ्या माणसाचा किस्सा सांगतो. दोन्ही वेळा माना डोलतात.

"तिकाच विचारात," तो म्हणाला. ती पडवीत काजूबिया निवडत होती. हंगामात झाडांखालची बोंडं ती वेचते, बिया पिळवटून वेगळ्या करते, बोंडं भट्टीवाल्याकडे जातात, बिया ती स्वतः विकते. नको का म्हणालात, हे मी विचारलं. ह्या वेळी 'तुमी' म्हणालो. तिने माझ्याकडे बघितलं आणि हसली. म्हणाली, विकलं तर पैसे बँकेत जातील आणि बँकेचं पुस्तक ह्यांच्या खिशात असतं. काजू माझ्या हातात येतात. "तुमी बँकेचे न्हय? तुमकां कळटलें."

मला कळलं. पण जे कळलं ते पेडण्याचं नव्हतं.

प्लॉटसाठी पैसे हवेत म्हणून त्याआधी मी कोथरूडचा फ्लॅट विकला होता. फ्लॅट माझ्या नावावर, कर्ज माझ्या नावावर. गिऱ्हाईक चांगलं आलं, मी पुण्याला जाऊन सही केली, आणि रात्री फोन करून बायकोला सांगितलं. ती "बरं" म्हणाली. आमच्याकडे कायद्याने तिची सही लागत नव्हती. तिला न विचारण्यासाठी मला काही वाईट वागावं लागलं नाही, कागदावर तशी जागाच नव्हती. हप्ते माझ्या पगारातून गेले, हे मी पै न् पै सांगू शकतो. उरलेल्या पगारात महिना कसा ओढला, तो हिशेब तिच्याकडे होता आणि मी तो कधी मागितला नाही. मग पेडण्यातल्या त्या माणसाला मी इतका का हसत होतो? जे त्याने सहज केलं, उठून आत जाऊन विचारलं, ते मी केलं नाही म्हणून? असेल. की तो हशा जितका मोठा, तितकं ते "बरं" कमी ऐकू येत होतं?

इथे एक सावधगिरी. पेडण्याच्या माणसांना आता देव्हाऱ्यात बसवलं, तर तोही एक किस्साच, फक्त गोड. बायकोचं नाव पुढे करून भाव वाढवणारे मला तिथेच भेटलेत. कायद्याने सही लागते म्हणून मत विचारतातच असं नाही. दाखवतील तिथे अंगठा उठवणाऱ्या बायका मी बँकेत पुष्कळ पाहिल्या आहेत, आणि मीही "इथे, इथे आणि मागच्या पानावर" म्हणत पानं उलटली आहेत. त्या मासळीवालीनेही मला कधी कालचं दिलं नसेल, असं नाही.

आणि मग हसायचंच नाही का? हा प्रश्न मला खरंच पडला, कारण किस्से गेले तर पुण्यात माझ्याजवळ सांगण्यासारखं काय आहे? शिवाय इथलेही काही कमी नाहीत. पेडण्याच्या बाजारातल्या चहाच्या दुकानात मी शिरलो की एकजण माझी नक्कल करतो: चष्मा नाकाच्या टोकावर, पाठीमागे हात, "किती म्हणालात? आणि सर्व कर धरून?" सगळे हसतात, मीही हसतो, चहा तो मला पाजतो. घाटी म्हणतात तेही तोंडावर. मी मात्र त्यांची नक्कल साडेचारशे किलोमीटर दूर जाऊन करतो. हा फरक मोठा आहे की मी उगीच मोठा करतो आहे? करून पाहावं म्हटलं. मासळी बाजारात त्या मावशीला तिचाच किस्सा ऐकवला, पुण्यात सांगतो तसा, फक्त तो आवाज वगळून. आवाज तिच्यासमोर निघेना. तिने सुरी बाजूला ठेवून ऐकला, शेजारणीलाही ऐकायला बोलावलं, दोघी हसल्या. मग तिने विचारलं, "आनी शेवट्यांचें सांगलें ना?"

घरी येऊन हे बायकोला सांगितलं. शेवट्यांचं, नार्व्याच्या शिलालेखाचं, पडवीतल्या काजूबियांचं, सगळं न गाळता. ती भाजी चिरत ऐकत होती. जमिनीच्या किश्श्यापाशी मी म्हटलं, तुला तर तो पाठच असेल. ती म्हणाली, "अर्धा. चुलीपाशी आलात की मी पाणी आणायला उठायचे."

हे मला माहीत नव्हतं. एवढ्या बैठकींत ती त्या वेळी खोलीत नसायची, आणि मला ते दिसलं नव्हतं. काय बोलावं ते सुचेना. फ्लॅटचं काही बोलावं, असं मनात आलं, पण इतक्या वर्षांनी ते कसं सुरू करतात? म्हणून मी सोपा प्रश्न विचारला. पेडण्याला दुसरा एक उतार बघितला आहे, म्हटलं, भावही बरा आहे. तुला काय वाटतं?

ती सुरी थांबवून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला पेडण्याला जायचंच नाहीये. कधीच नव्हतं. इथे बाजार जवळ आहे."